सलाउद्दीनभाईंची कल्हई केलेली फटफटी

सलाउद्दीनभाईंची फटफटी पहिल्या पंधरवड्यात स्वतःच्या दमावर जेवढे मैल चालली, बरोबर तेवढेच मैल ती केरूच्या टांग्यामागे दोराला बांधून परत आली. अडीच मैल जायचं, अडीच मैल यायचं. जाताना इंजिन ओढायचं, येताना केरूची घोडी. घोडीलाही पुढे पुढे ते इतकं अंगवळणी पडलं, की बोळात फटफटीचा आवाज झाला की ती खाणं सोडून मान वर करायची.

भद्रकालीच्या मागे आमचा बोळ. त्यात माझ्या दाराला दार लागून सलाउद्दीनभाईंचं घर. धंदा कल्हईचा. वडिलांचा तोच, आजोबांचा तोच. सायखेड्यापासून घोटीपर्यंत तीस-पस्तीस गावं त्यांनी गिऱ्हाइकीनं बांधलेली होती, आणि ती सगळी पायी. खांद्यावर भाता, पाठीवर कोळशाचं पोतं, कमरेला कथलाच्या कांडीची पिशवी. गावच्या पारावर जाऊन भाता पुरला की त्यांनी हाक मारायच्या आतच बाया हंडे-तपेली घेऊन हजर. "माझ्या कल्हईत तोंड दिसलं नाही तर तोंड माझं काळं," असं ते म्हणत, आणि खरोखर, त्यांच्या हातच्या परातीत बघून केरू मिशा कापायचा.

गेल्या वर्षी, म्हणजे चौतीस साली, घोटीच्या बाजारात भाताच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीचं चाक त्यांच्या डाव्या पावलावरून गेलं. पाऊल राहिलं, पण लाकडासारखं. डॉक्टर म्हणाले, "मशिदीपर्यंत चाला. त्यापुढे नाही." आता नाशकात कल्हईवाल्यांना तोटा नव्हता, प्रत्येकाचा कोपरा ठरलेला. भाईंची गिऱ्हाइकं सगळी गावात, आणि गावं मशिदीच्या पलीकडे.

नूरबानोभाभींचा भाऊ नियाज मालेगावला मागाचं काम करी. त्याचं पत्र आलं. 'इकडे या. बसून काम आहे.' पत्र मायेचंच होतं, पण भाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि घडी करून पाकिटात परत घातलं. मग म्हणाले, "कारकूनसाहेब, बसून कल्हई होते. बसून गिऱ्हाईक होत नाही. आणि माग चालवायचा तर तो पायानंच चालवतात, हे नियाजच्या लक्षात नाही."

मी कलेक्टर कचेरीत नकला करणारा साधा कारकून. पण बोळात इंग्रजी येणारा मी एकटाच, त्यामुळे 'साहेब' मला फुकट चिकटला होता. तेच इंग्रजी पुढे माझ्या गळ्याशी आलं.

देवळाली कॅम्पात लष्करातल्या मोडक्या सामानाचा लिलाव होता. भाई केरूच्या टांग्यातून गेले आणि एक इंजिन घेऊन आले. नाव खरवडून गेलेलं, एका बाजूला चेपलेलं, तेलाच्या गोणपाटात गुंडाळलेलं. बरोबर पानं सुटलेलं एक इंग्रजी पुस्तक फुकट मिळालं. ते याच इंजिनाचं होतं असं छातीवर हात ठेवून मी आजही सांगणार नाही. पुस्तकातल्या चित्रात जिथे चार खटके होते तिथे आमच्याकडे दोन होते. तरी रोज कचेरीतून आल्यावर मी ओट्यावर बसून वाचायचं, आणि भाईंनी पडवीत बसून जोडायचं.

पुढचं चाक मोडक्या फटफटीचं, मागचं दुसऱ्याच मोडक्या फटफटीचं. सांगाडा पाण्याच्या नळांचा. बसायला टांग्याची गादी. भाता, कोळसा आणि भाईंचं सामान बसावं म्हणून बाजूला एका चाकाची लाकडी पेटी, तीही टांग्याच्याच पायाखालच्या फळ्यांची. गियर हातानं टाकायचा, त्यामुळे डाव्या पायाला काही काम नव्हतं. "खुदानं हे इंजिन माझ्यासाठीच मोडून ठेवलं होतं," असं भाई म्हणत.

पेट्रोलची टाकी मात्र कुठे मिळेना. ती त्यांनी तांबट आळीतून घडवून घेतली. दोन तपेली तोंडाला तोंड लावून ठेवावीत तशी दोन तांब्याची खोलगट अर्धकं. जोडायच्या आधी ती घरी आणली आणि भाता पेटवला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कल्हई."

"भाई, त्यात पेट्रोल भरायचंय. आमटी नाही."

भाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देखत पितळेच्या पातेल्यात ताक ओतलं असावं. "बिनकल्हईच्या तांब्यात मी माझ्या दुश्मनाचंसुद्धा काही ठेवणार नाही. कळकेल."

पेट्रोल कळकतं का, हे पुस्तकात नव्हतं. मी गप्प बसलो. त्यांनी अर्धकं लाल होईतो तापवली, नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर निघाला, कथील फिरवलं आणि कापसाच्या बोळ्यानं घासत चांदी काढली. आपल्या गाडीचं काम म्हणून नवसागर नेहमीच्या तिप्पट वापरला. मग चिमट्यात धरून ती अर्धकं पाण्याच्या घमेल्याकडे नेली, आणि मी ओरडलो.

"पाणी नको! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, टाकीत पाण्याचा थेंबही जाता कामा नये!"

समन्स वाचून वाचून माझ्या आवाजाला एक जरब आली आहे. भाईंचा हात थबकला. अर्धकं तशीच हवेत निवली. दर भांड्याच्या शेवटी जो 'चर्रर्र' आवाज बोळाला ऐकू यायचा, तो त्या दिवशी आला नाही. मी तिथेच होतो. पण न झालेला आवाज कुणाच्या लक्षात राहतो? मग अर्धकं डाख लावून जोडली, टाकीच्या बुडाला डावीकडे तोटी बसवली, आणि फटफटी तयार झाली.

आता तिला नंबर हवा होता. पोलिस कचेरीतले मोटारींचे फौजदार खंडेराव यांनी ती वस्तू तिन्ही बाजूंनी पाहिली. "हे काय आहे?"

"फटफटी, साहेब."

"तसं दिसत नाही." ते स्वतः भरदार अंगाचे गृहस्थ, मिशा तेलावर पोसलेल्या. "बरं. पुढच्या गुरुवारी दहाला. मी पेटीत बसणार. इथून पांडवलेणी आणि परत. वाटेत एकदाही बंद पडता कामा नये. पडली, तर पुन्हा हे माझ्या दारात आणायचं नाही."

आणि शुक्रवारी नियाज यायचा होता, जुम्म्याची नमाज झाली की बैलगाडी घेऊन, सामान न्यायला. भाभींनी भावाला तसा शब्द दिला होता. "गाडी चालली तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन," त्या म्हणाल्या. "नाही चालली तर भाता गाडीत चढेल. मला दोन्ही चालेल. तुम्ही मात्र रोज उठून पायाकडे बघत बसता ते चालणार नाही."

म्हणजे आठ दिवस. आणि फटफटी अडीच मैलांवर मरत होती.

जिथे मरायची तिथे मुंबईच्या रस्त्याला एक चिंचेचं झाड होतं. आधी दोनदा खोकायची, मग गप्प. दहा मिनिटं थांबून लाथ मारली की सुरू, चार पावलं गेली की पुन्हा गप्प. चौथ्यांदा दोर बांधताना केरू म्हणाला, "भाई, चिंचेवर मुंजा हाय. त्याला नारळ द्या. माझी घोडीपण इथं कान टवकारती."

"तुझी घोडी चिंचा खायला थांबते," भाई म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी खात्री करायला गाडी उलट दिशेला, गंगापूरच्या रस्त्याला काढली. तिथे चिंच नव्हती, काहीच नव्हतं. अडीच मैलांवर खोक, खोक, गप्प.

केरू दोर सोडत म्हणाला, "मुंजा पेटीत बसून आला असंल."

हसलो आम्ही, पण त्या दिवशी शनिवार होता.

रविवारी ठिणगीवर संशय गेला. पुस्तकात होतं, प्लग काढून ठिणगी पाहावी. कुठे धरून पाहावी ते पान गळालं होतं. भाईंनी लाथ मारली, प्लग मी धरला होता. ठिणगी उत्तम होती, हे मला कोपरापर्यंत कळलं. सोमवारी इंजिन तापतं असं ठरलं, म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळून नेलं. अडीच मैल. मंगळवारी भाईंनी कार्बोरेटर खोलला. त्यात पेट्रोल जायची वेगळी बारीक पितळी तोटी असते, तिचं भोक सुईच्या टोकाएवढं. त्या भोकाच्या तोंडाशी पांढरी कणी बसली होती.

"धूळ!" भाई जवळजवळ ओरडलेच. "रस्त्याची धूळ!" ताबडतोब भाभींची जुनी ओढणी फाडून हवेच्या तोंडावर बांधली. फटफटी ओढणी फडकवत निघाली. केरू म्हणाला, "भाई, पदर दिला, आता कुंकू लावा तिला."

अडीच मैल. ओढणी स्वच्छ, आणि तोटीत पुन्हा पांढरी कणी.

त्या संध्याकाळी परत येताना भाई फटफटीवर बसले नाहीत. टांग्यातही बसले नाहीत. लंगडत मागून चालत आले. डॉक्टरनं सांगितलेल्या मशिदीच्या किती पुढे ते चालत होते हे मोजायची माझी हिंमत झाली नाही. घरी आल्यावर त्यांनी भाता खुंटीवरून काढला, झटकला, आणि घडी करून दाराशी ठेवला. गाडीत चढवायला सोपं पडावं अशा जागी.

बुधवारी मी कचेरीत शुक्रवारपर्यंत रजा टाकली. सकाळी अकराच्या सुमाराला सायखेड्याच्या सगुणाबाई हंडा काखेत मारून बोळात शिरल्या. बाजाराच्या गाडीतून आल्या होत्या. येताच त्यांचा पट्टा सुरू झाला.

"कुठं मेला व्हतास रे दादा? सा महिने झाले, सायखेड्याला तोंड नाय दाखवलं! त्या नव्या कल्हईवाल्याला भांडी दिली, तर हे बघ. चकचकीत लय हाय, पन ह्यातल्या पान्याचा चहा केला तर सगळं घर थू थू करत उठलं. माझा दीर म्हनतो, वैनी, मीठ टाकलं का चहात?"

भाई ओट्यावर मांडीत कार्बोरेटर घेऊन बसले होते, मान वर न करता. "हंडा पाण्यात बुडवला होता का त्यानं?"

"कशाचा बुडवतो! घाई त्याला. तापल्या तापल्या हातात दिला."

"मग खारट लागणारच. नवसागर आतच राहतो, बाई. वर दिसत नाही, पण सुटतो. घासून पहिलं पाणी फेकलंच पाहिजे, नाहीतर..."

वाक्य तिथेच तुटलं. सगुणाबाई वाट पाहत होत्या. मी वाट पाहत होतो. भाई हातातल्या पितळी तोटीकडे बघत होते. मग त्यांनी ती तोंडाशी नेली आणि तिच्या टोकाला जीभ लावली.

तीस वर्षं तो धूर ज्यानं गिळला, त्याला चव सांगावी लागत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पेट्रोलनं की कशानं, देव जाणे.

"कारकूनसाहेब," ते अगदी हळू म्हणाले, "धूळ नाही. नवसागर आहे. माझाच."

आता सगळं उघडं होतं. टाकी धुतलीच नव्हती. अडीच मैल हादरे बसले की भिंतीवरची पूड आणि कापसाची तुसं सुटून तोटीशी जमायची. गाडी उभी राहिली की पूड खाली बसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच मैल मिळायचे. दुसऱ्याच्या घरी कधी असा हंडा दिला असता तर भाईंनी आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नसतं. आणि तो न झालेला 'चर्रर्र' माझ्या कानात आत्ता वाजला.

"भाई, ते पाण्याचं मी..."

"तुम्ही वाचलं. ऐकलं मी. कल्हई कुणाची?" बस्स, एवढंच. त्याहून त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

उपाय एकच, टाकी पाण्यानं धुणं. आणि पाणी राहिलं तर इंजिन मेलंच. परीक्षेला बावीस तास उरले होते. भाई टाकी काढून पुढ्यात ठेवून नुसते बसले. तेव्हा सगुणाबाईंनी हंडा खाली ठेवला आणि पदर खोचला.

"त्यात काय बघत बसलात दोघं? आना इकडं. चिंच हाय का घरात?"

चिंच केरूच्या टांग्यात होती. त्याच झाडाची. भाभींनी पाणी तापवलं. टाकीच्या तोंडातून चिंचेचं गरम पाणी, मूठभर बारीक खडे, आणि दोघी बायका दोन बाजूंनी धरून ती घुसळू लागल्या, जणू लोणी काढायचंय. पहिलं पाणी गढूळ निघालं, त्यावर पांढरी तुसं तरंगत होती. दुसरं. तिसरं. सातव्या पाण्याला सगुणाबाईंनी बोट बुडवून चाटलं. "आता चहा करा हिच्यात."

राहिलं वाळवणं. आणि इथे आमचा बोळ उडायचाच बाकी होता. भाईंनी सवयीनं भाता पुरला, कोळसे फुलवले, टाकी चिमट्यात धरली. भांडं वाळवायचं तर विस्तवावर, त्यांचे आजोबाही तसंच करत. टाकी निखाऱ्यांच्या वीतभर वर असेल नसेल.

"ऐकताय का!" भाभी अशा किंचाळल्या की केरूची घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. भाभींच्या हातात आठव्या पाण्याची बादली होती, ती तशीच त्यांनी निखाऱ्यांवर उपडी केली. राख, वाफ, भाई डोक्यापासून पायांपर्यंत भिजलेले. "वास घ्या तिचा! अजून पेट्रोल येतंय तिला! पाय गेला तेवढा पुरे नाही?"

भाईंनी टाकीला नाक लावलं आणि ती जमिनीवर ठेवली.

मग आम्ही ती थंड भात्यानं वाळवली. भात्याची नळी टाकीच्या तोंडात, टाकी उन्हात, आणि पाळीपाळीनं मी, केरू, भाभी, पुन्हा मी. सगुणाबाईंनीही शंभर फुंका मारल्या आणि मग त्यांची गाडी निघायची वेळ झाली. जाताना म्हणाल्या, "हंडा ठिवून जाते. तूच आनून दे. शुक्रवारी."

"बाई, शुक्रवारी मी..."

"शुक्रवारी," असं म्हणून त्या गेल्यासुद्धा.

वाळलेली टाकी दोनदा पेट्रोलनं खळखळून घेतली. मग पळीनं मोजून पांडवलेणी आणि परत एवढं पेट्रोल भाईंनी भरलं, वर दोन पळ्या अल्लाच्या नावानं. घरात एवढंच उरलं होतं. चालवून बघायला थेंब नव्हता.

गुरुवारी दहाला फौजदार खंडेराव पेटीत बसले. पेटीनं 'कर्र' केलं. मी मागे पुस्तक छातीशी धरून. आमच्या मागे, जरा अंतर राखून, केरू टांगा घेऊन निघाला. दोर त्यानं गादीखाली लपवला होता. पण एक टोक लोंबत होतं, आणि ते भाईंनी पाहिलं होतं.

पहिला मैल. दुसरा. भाईंच्या मानेची शीर मला मागून दिसत होती. चिंच दिसू लागली. फौजदार म्हणाले, "वा, हवा छान लागते." चिंच जवळ आली, शेजारी आली, मागे गेली. फटफटी खोकली नाही. मागे वळून पाहिलं तर केरूनं टांगा चिंचेखालीच थांबवला होता आणि तो झाडाला हात जोडत होता.

पांडवलेणीच्या पायथ्याशी भाईंनी वळायला हात घातला, तोच फौजदार म्हणाले, "थांबू नका, चला पुढे विल्होळीपर्यंत! आज कितीतरी दिवसांनी बाहेर पडलोय."

भाईंनी माझ्याकडे मान वळवली. चेहरा कथलासारखा. पळ्यांचा हिशेब पांडवलेणीपर्यंतचा होता. फौजदाराला नाही म्हणायचं कुणी?

विल्होळी झाली. परतीला चिंच झाली. गाव दिसू लागलं. पोलिस कचेरीचं फाटक समोर, दोनशे पावलांवर, आणि खोक. पुन्हा खोक.

"नवसागर?" मी कानाशी ओरडलो.

"नाही! संपलं!" टाकीच्या उजव्या कुशीत उरलेले चार थेंब टाकीच्या डावीकडच्या तोटीपर्यंत पोचत नव्हते. "साहेब, डावीकडे झुका! सगळे डावीकडे!"

पेटी डावीकडेच होती. खंडेरावांनी काय समजून कुणास ठाऊक, पेटीच्या काठावर बूड टेकवून अख्खं धड बाहेर काढलं. मी त्यांच्या पट्ट्याला धरलं. गाडी कलंडली, इंजिनानं घुटका घेतला आणि ओरडलं. दारावरच्या शिपायानं सलाम ठोकला खरा, पण तो कुणाला ठोकावा हे त्याला कळेना, कारण फौजदारसाहेब त्याच्या गुडघ्याच्या उंचीवरून आत चालले होते. पुढचं चाक फाटकाच्या आत आलं, मागचं आलं, आणि फटफटी गप्प झाली.

खंडेराव उतरले. पगडी सारखी केली. "थांबवलीत, की थांबली?"

मी भाईंच्या पाठीला चिमटा काढला. व्यर्थ. "थांबली, साहेब," ते म्हणाले. "पण आल्यावर."

फौजदारांनी फाटकाकडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं. "वाटेत थांबायचं नव्हतं. ही वाट नाही, ही कचेरी आहे." त्यांनी कागद ओढला. "टाकी कशाची?"

"तांब्याची. आतून कल्हई आहे."

"पेट्रोलला कल्हई?"

"साहेब, बिनकल्हईच्या तांब्यात मी..."

"बरं, बरं. लिहितो."

शुक्रवारी सकाळी नवा नंबर अजून ओला असतानाच भाई निघाले. पेटीत सगुणाबाईंचा हंडा, कोळसा, भाता. भाता केरूच्या दोरानं करकचून बांधला होता. "आता मला कशाला लागतोय," केरू म्हणाला, पण तोंड जरा पडलेलंच होतं.

दुपारी नियाज आला, बैलगाडी दाराशी लावून. दाराशी भाता नाही, घरात भाई नाहीत. "कुठे गेले?"

"सायखेड्याला," भाभी म्हणाल्या. "बस. चहा पिऊन जा."

तो बसला. गुरुवारी संध्याकाळी भाईंनी कल्हई केलेलं पातेलं भाभींनी चुलीवर ठेवलं, पाणी उकळलं, आणि बाहेर येऊन ते सगळं ओट्याखाली ओतून दिलं. मग दुसरं पाणी ठेवलं.

"आपा, हे काय? मी उन्हातून आलोय!"

"नवी कल्हई आहे," भाभी म्हणाल्या. "पहिलं पाणी फेकायचं असतं."

समोर टांग्याला जुंपलेल्या केरूच्या घोडीनं खाणं सोडून मान वर केली. थोड्या वेळानं आम्हालाही ऐकू आलं.